काकीचं कार्ड

सुरुवातीलाच माफी मागतो. लिहिणं हे माझं काम नाही. आजवर मी जे काही लिहिलं ते उत्तरपत्रिकेत, आणि तिथे प्रश्न दुसऱ्याने काढलेला असतो. आपण फक्त त्याच्यामागे धावायचं. इथे प्रश्नही मीच काढायचा आणि उत्तरही मीच द्यायचं, हे जमेल असं वाटत नाही. शिवाय आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिला. त्यामुळे मी काहीही लिहिलं की ते बरोबरच असणार असं घरचे धरून चालतात, आणि मला त्याचीच भीती वाटते. तरी लिहितो आहे, कारण जे झालं ते मी बसायचो त्याच मशीनवर झालं आणि मला काही करता आलं नाही. कुणाचंही नाव लिहिणार नाही. काकीचं तर मुळीच नाही. तिच्या नावावरूनच सगळं झालं.

आमचं गाव गडबपासून आत, खाडीच्या अंगाला आहे. वडील आधी मिठागरावर होते, आता भात लावतात आणि उरलेल्या दिवसांत मिळेल ते करतात. काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको. घरं दोन असली तरी पडवी एकच, त्यामुळे मी कुठल्या घरात वाढलो हे मलाही सांगता येणार नाही. काका धरमतरला माल वाहणाऱ्या बार्जवर असतो आणि एकदा गेला की बरेच दिवस दिसत नाही. काकी रोह्याला एका केमिकल कंपनीच्या लॅबमध्ये कामाला. काचेची भांडी धुवायची, नमुन्यांच्या बाटल्यांना चिठ्ठ्या लावायच्या, मशीनवर आलेले आकडे कॉम्प्युटरमध्ये भरायचे. लागली ठेकेदाराकडून, पण मी बालवाडीत जात होतो तेव्हापासूनची. यंदा कंपनीने ठरवलं होतं की लॅबमधल्या जुन्या बायकांना एकेक करून कंपनीत कायम करायचं. जिची नोकरी सगळ्यात जुनी तिचा नंबर आधी, आणि सगळ्यात जुनी काकी होती. ती स्वतः याबद्दल बोलायची नाही. दुसरं कुणी बोललं तर "व्हईल तवा व्हईल" म्हणून भाजी चिरायला घ्यायची, पण भाजी तिच्या हातून जरा जास्तच बारीक चिरली जायची.

पेणच्या आमच्या कॉलेजात शेवटच्या वर्षाला कुठल्या तरी कंपनीत काम शिकून यावं लागतं. माझ्या ओळखीत कंपनी कुठली असणार? काकीच लॅबच्या साहेबांना म्हणाली, "आमचा पोर कॉम्प्युटरचा शिकतो. त्याला घ्या ना." त्यांनी घेतलं. मग आम्ही दोघं गडब नाक्यावरून पहिल्या शिफ्टच्या बसने रोह्याला जायला लागलो. बसमध्ये निम्म्या बायका लॅबच्या आणि पॅकिंगच्या असायच्या.

"आमचा साहेब आयला. उठा गो, जागा द्या!"

"साहेब नाय मावशी, ट्रेनी हाय मी."

"ट्रेनी म्हंजे काय रं?"

"म्हंजे अजून शिजायचा हाय," दुसरी म्हणायची.

"शिजंल, शिजंल," काकी खिडकीकडे सरकून मला जागा करायची. "चूल माझी हाय."

कंपनीच्या कॉम्प्युटर विभागात एकच साहेब होते. रोह्याचेच, मवाळ माणूस. त्यांच्या हाताखाली मी. मला पहिल्याच दिवशी कळलं की सर्व्हरवर प्रत्येकीच्या नावाचं, कामाला लागल्याच्या तारखेचं खातं आहे, पण सगळी लॅब एकाच पासवर्डवर चालते. देवाचं नाव आणि पुढे एक-दोन-तीन, आणि ते कीबोर्डाच्या खालच्या बाजूला चिकटवलेलं. परदेशातल्या एका गिऱ्हाइकाची माणसं तपासणीला आली तेव्हा त्यांनी विचारलं, हा आकडा कुणी भरला? कुणालाच सांगता आलं नाही. तेव्हा ठरलं की पासवर्ड बंद. प्रत्येकाला एक कार्ड द्यायचं आणि कार्डाच्या चिपमध्ये त्या माणसाचं सर्टिफिकेट ठेवायचं. कार्ड घालायचं, आपला पिन टाकायचा. मग कार्ड कुणाचं, त्याचं खातं कुठलं, आत सोडायचं की नाही, हे सर्व्हर ठरवणार. कार्डं करून देणारी बाहेरची संस्था होती. ती आधार बघून सर्टिफिकेट देत होती.

साहेबांनी मला हे समजावलं ते अजून तसंच आठवतं. "पासवर्ड म्हणजे ऐकीव गोष्ट. कुणीही कुणाला सांगेल. सर्टिफिकेट म्हणजे तिसऱ्याने तुझ्याबद्दल दिलेली हमी. सर्व्हर तुझं ऐकत नाही. हमी देणाऱ्याचं ऐकतो."

ते काम त्यांनी माझ्याकडे दिलं. आधी हमी देणाऱ्या संस्थेचं मूळ सर्टिफिकेट सर्व्हरवर चढवायचं, म्हणजे सर्व्हर तिच्यावर विश्वास ठेवतो. मग जुळणीचा नियम लिहायचा: अमक्या संस्थेने दिलेलं सर्टिफिकेट आलं तर त्यातलं अमुक बघ आणि त्यावरून खातं शोध. ऐकायला सोपं आहे. मी नियम लिहिला, चाचणीसाठी आधी आलेलं साहेबांचं कार्ड घातलं, पिन टाकला आणि पडद्यावर आलं की असा कुणी वापरणारा सापडला नाही. चूक काय ते आलं नाही. मी नियम पुसून पुन्हा लिहिला. सर्व्हरची सेवा बंद करून पुन्हा चालू केली. सर्व्हर स्वतः लिहून ठेवतो त्या नोंदी उघडून वाचत बसलो. माझं इंग्रजी पुस्तकातलं, नोंदींचं इंग्रजी तुटक. तिथे कुणी कुणाशी बोलल्यासारखं लिहीतच नाही. साहेबांना विचारायला जायचो आणि दारातून परत यायचो. त्यांना वाटेल, काकीच्या शब्दावर घेतलं आणि हा असा निघाला.

शेवटी सापडलं. हमी देणाऱ्या संस्थेचं नाव मी कार्डावर दिसत होतं तसं उतरवलं होतं: आधी विभाग, मग संस्था, शेवटी देश. सर्व्हरला ते उलटं हवं होतं. आधी देश, मग संस्था, मग आतला विभाग. मला हसू आलं, कारण आमच्याकडे अनोळखी पोराला पहिला प्रश्न "तू कोण?" असा नसतोच. "कुठला रं तू? कुणाचा?" असा असतो. मग पोर सांगतं, गडबकडचा, खालच्या आळीतला, अमक्याचा नातू. स्वतःचं नाव सगळ्यात शेवटी, विचारलंच तर. सर्व्हरही तसाच विचारत होता आणि मी शहरातल्यासारखं उत्तर देत होतो. मी क्रम उलटा केला आणि साहेबांचं कार्ड पहिल्या फटक्यात चाललं. त्यांनी कँटीनमधून दोन चहा मागवले. त्या दिवशी बसमध्ये मी काकीला हे सांगितलं. तिला फारसं कळलं नसावं, पण पुढच्या सीटवरच्या बाईच्या खांद्याला हात लावून ती म्हणाली, "ऐकलंस? साहेब झाला."

साहेबांचं कार्ड मी ईमेलवरून जुळवलं होतं, आता सगळ्यांची जुळणी कशावर करायची ते राहिलं होतं. ठेक्यावरच्या बायकांना कंपनीचा ईमेल नव्हता, त्यामुळे पूर्ण नावावरच करायची असं साहेबांनी ठरवलं. सर्टिफिकेटातलं नाव आणि खात्यातलं नाव, अक्षरन् अक्षर. स्पेलिंगचे घोळ निघाले तर ते साहेब आपल्या सहीने दुरुस्त करणार होते. एकीचं आडनाव एका जागी लांब, दुसऱ्या जागी आखूड, असलं. त्यापलीकडे काही बदलायचं असेल तर मुंबईच्या हेड ऑफिसची मंजुरी हवी, असा नियम आधीच झाला होता. मला तेव्हा तो नियम चांगला वाटला होता.

कार्डं आली तेव्हा आम्ही लॅबमध्ये गेलो. पासवर्ड अजून चालू होते, आठवड्याने बंद व्हायचे होते. बायका हात पुसत रांगेत आल्या. साहेब नाव विचारत होते आणि खोक्यातून त्या नावाचं पाकीट काढून कार्ड देत होते.

"पूर्ण नाव सांगा."

"उखाण्यात सांगू का साहेब?"

"साधं सांगा हो."

"साधा सांगितलान तर सर्व्हर लाजंल गो!" मागून कुणी तरी म्हणालं, आणि सगळी लॅब हसली.

एकेकीचं कार्ड मशीनमध्ये जात होतं आणि चालत होतं. काकीचं गेलं नाही. तिच्या नावाचं पाकीटच खोक्यात नव्हतं. शेवटी एक पाकीट उरलं, त्यावर दुसऱ्याच कुणा बाईचं नाव होतं. मी म्हणालो, "साहेब, हे चुकून दुसऱ्या कंपनीतलं आलंय. परत पाठवू या."

काकी पुढे आली. नेहमीसारखं बोलली नाही, हळू बोलली. "आण इकडं. माझाच हाय त्यो."

फोटो तिचाच होता. तोपर्यंत मी फोटोकडे बघितलंच नव्हतं, नाव वाचून सोडून दिलं होतं. ते नाव मी आयुष्यात कधी ऐकलं नव्हतं.

ती हमरापूरची. माहेरी तिचं नाव वेगळं होतं. लग्नात काकाने ताटातल्या तांदळावर अंगठीने नवीन नाव लिहिलं, आणि तेव्हापासून सासरी ते नाव. आमच्याकडे सगळ्याच बायकांचं असं होतं, त्यात कुणाला काही वाटत नाही. ठेकेदाराने नोकरीला घेताना नाव विचारलं तेव्हा तिने सासरचं सांगितलं आणि त्याने लिहून घेतलं. आधारचा कॅम्प लागला तेव्हा मात्र ती बाळंतपणाला माहेरी होती. हमरापूरच्या शाळेचा दाखला घेऊन भाऊ तिला घेऊन गेला, आणि आधारवर माहेरचं नाव लागलं. गावात तर तिला दोन्ही नावांनी कुणी हाक मारत नाही. म्हाताऱ्या बायका "हमरापूरवाली" म्हणतात, आम्ही पोरं काकी म्हणतो.

कार्ड घातलं. हमी देणारी संस्था सर्व्हरला पटली. पिन बरोबर निघाला. मग तेच आलं, की असा कुणी वापरणारा सापडला नाही.

"नाय लागत?" काकीने विचारलं.

"लागेल," मी म्हणालो. कशाच्या जोरावर म्हणालो ते माहीत नाही.

खरं तर उपाय मला माहीत होता. एखाद्याचं सर्टिफिकेट त्याच्या खात्याला हाताने जोडता येतं. एका ओळीची आज्ञा आहे. मी ती लिहून साहेबांकडे गेलो. ती चालवायचा अधिकार त्यांच्याकडे होता, माझ्याकडे नव्हता. त्यांनी ती ओळ दोनदा वाचली.

"ओळ बरोबर आहे," ते म्हणाले. "पण तपासणीत पहिला प्रश्न काय येईल? या नावाची बाई आणि त्या नावाची बाई एकच, हे कशावरून?"

"साहेब, मी ओळखतो ना."

"मी पण ओळखतो. तिने आणलेलं सुक्या जवळ्याचं कालवण मी याच टेबलावर खाल्लंय. ते कुठल्या रकान्यात लिहू? आणि तुझी काकी आहे म्हणून तर तू हात पण लावायचा नाहीस. बाहेरून कसं दिसेल ते बघ."

मला राग आला असता तर बरं झालं असतं. पण ते बरोबर बोलत होते, आणि त्यांनीच मला हे सगळं शिकवलं होतं. सर्व्हर आपलं ऐकत नाही. त्यांनी हेड ऑफिसला विनंती लिहिली, मला वाचायला दिली, आणि जमेल तितक्या चांगल्या शब्दांत लिहिली होती. उत्तर आलं की लग्नाच्या नोंदणीचा दाखला जोडा.

लग्नाची नोंदणी कुणी केली होती? काका बार्जवरून आला त्याच दिवशी मी दोघांना घेऊन ग्रामपंचायतीत गेलो. ग्रामसेवकांकडे दुसऱ्या गावाचाही कारभार, ते भेटले हेच खूप. त्यांनी कागद पुढे केला आणि बोट ठेवलं. "लग्न लावलं त्या भटजींची सही इथं."

काका म्हणाला, "भटजी वारले."

"मग प्रतिज्ञापत्र करा. लग्नाला होते ते साक्षीदार आणा."

"अख्खा गाव होता," काकी म्हणाली. "अख्खा गाव आणू का?"

ग्रामसेवक हसले, पण कागद परत आमच्याकडेच सरकवला. प्रतिज्ञापत्र झालं, साक्षीदार झाले, अर्ज घेतला गेला, आणि वर कुणाची तरी सही व्हायची राहिली. ती आज होईल, उद्या होईल, असं चालू होतं. आधारचं नाव बदलावं म्हणून पेणला केंद्रावरही गेलो. तिथेही तोच दाखला मागितला. परत येताना एसटीत काकी म्हणाली, "माझा नाव तांदळात लिवलेला रं. त्याचा काय सर्टिफिकेट राहतंय? दुसऱ्या दिशी भात झाला त्याचा."

मी हसलो नाही, म्हणून तिने माझ्या गुडघ्यावर चापट मारली.

पासवर्ड ठरल्या दिवशी बंद झाले. बंद करायची आज्ञा साहेबांनी दिली, मी शेजारी उभा होतो. सकाळी लॅबमधल्या सगळ्या जणी कार्ड घालून आत गेल्या आणि काकी कॉम्प्युटरसमोर नुसती उभी राहिली. दोन दिवस तिने फक्त भांडी धुतली, तिचे आकडे दुसरीने भरले. मग दुसरीच्या कार्डावर काकीने केलेलं काम चढतंय हे कुणाच्या तरी लक्षात आलं. बरोबरच होतं ते. जे बंद करायला कार्डं आली तेच पुन्हा व्हायला लागलं होतं. ठेकेदाराचा माणूस म्हणाला, "ताई, कार्ड होईपर्यंत घरी थांबा. झालं की फोन करतो."

दुसऱ्या दिवसापासून बसमध्ये माझ्या शेजारी दुसरी कुणी तरी बसायला लागली. मला कुणी साहेब म्हटलं नाही. कुणी टोमणाही मारला नाही. एक मावशी एकदा फक्त म्हणाली, "तुला एवढा येतंय ना कॉम्प्युटरचा? मग?" मी पिशवीची चेन उघडत-लावत बसलो. मला येत होतं, हेच तर झालं होतं. येत नसतं तर निदान शिकून घेतलं असतं.

मी रोज हेड ऑफिसकडची विनंती उघडून बघायचो. "विचाराधीन" असं लिहिलेलं असायचं. तो शब्द मला पाठ झाला. मी सर्व्हरवर काकीच्या जुन्या खात्याकडेही बघायचो. तिथे ती होती, सासरच्या नावाने, सगळ्यात जुन्या तारखेची. बघायचा अधिकार मला होता.

काकी घरी थांबली नाही. हमरापूरला भावाच्या गणपतीच्या कारखान्यात सीझनचं काम चालू झालं होतं, तिकडे गेली. एका रविवारी आईने तिच्यासाठी दिलेला डबा घेऊन मी तिकडे गेलो. शेडमध्ये पांढऱ्या मूर्ती ओळीने उभ्या होत्या आणि काकी पाटावर बसून डोळ्यांची आखणी करत होती. लहानपणी शिकलेली, म्हणाली, हात विसरत नाही. मी उभा होतो तेवढ्यात मागच्या दारातून एका म्हातारीने मोठ्याने हाक मारली. कार्डावरचं नाव होतं ते. आणि काकीने मान न वळवता, ब्रश न उचलता, "ओ" दिली.

ते नाव मी इतक्या वेळा पडद्यावर वाचलं होतं, कॉपी करून चिकटवलं होतं, विनंतीत लिहिलं होतं, पण ते कुणाचं नाव आहे असं मला कधी वाटलंच नव्हतं. मला ती एक अडचण वाटत होती. इथे त्या नावाने तिला सगळे ओळखत होते. कुणी दाखला मागत नव्हतं.

तिने डोळा पूर्ण केला, मग माझ्याकडे बघितलं. "तोंड का पाडलंस? तुझा सर्व्हर काय खोटा नाय बोलत. या नावाची पण मीच हाय."

"पण त्याला ते कळत नाय ना, काकी."

"नाय कलला तर नाय." मग ब्रश पाण्यात बुडवून तिने विचारलं, "कायम करायची यादी लागली का रं?" एवढ्या दिवसांत पहिल्यांदा तिने तो शब्द स्वतः काढला होता. मी म्हणालो, अजून नाही. ती "बरा" म्हणाली आणि दुसऱ्या मूर्तीकडे वळली.

माझे कंपनीतले दिवस संपले आणि मी कॉलेजात परत आलो. तोंडी परीक्षेत मला हाच प्रकल्प मांडायचा होता. व्हरांड्यात नंबरची वाट बघत होतो तेव्हा साहेबांचा फोन आला.

"झालं बघ तुझ्या काकीचं. हेड ऑफिसने केलं. सोमवारी पहिल्या शिफ्टला ये म्हणावं, कार्ड चालतंय, मी स्वतः बघितलं."

मी विचारलं, "जोडलं त्यांनी, साहेब?"

"जोडलं नाही. दाखला नव्हता ना. कार्डावरच्या नावाने नवीन खातं काढलं. एका माणसाची दोन खाती नकोत, म्हणून जुनं बंद केलं."

"मग तिची जुनी नोकरी?"

"जुन्या नावापुढे 'काम सोडून गेल्या' असं पडलंय रे. कायम करायच्या यादीत त्यांच्या खालच्या बाईंचं नाव वर गेलं, सकाळीच लावली यादी. तुझी काकी सोमवारपासून नवीन."